‘व्रात्य’ हा शब्द आला कुठून?

आजचा विषय एका शब्दाचा आहे आणि तो सुचला तो याच सभागृहात. मागच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. आम्ही कांटच्या कर्तव्यविचारात शिरलो होतो, आणि चिरंजीव टेबलाखाली शिरून आमच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होते. आजींनी त्याला ओढून नेलं, आणि व्याख्यान संपल्यावर येऊन म्हणाल्या, “माफ करा हं सर, फार व्रात्य आहे हो!” शब्द तक्रारीचे होते, पण चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

रिक्षात बसल्यावर तो शब्द डोक्यातून जाईना. व्रात्य. ज्या शब्दासाठी अथर्ववेदानं एक अख्खं कांड खर्ची घातलं, ज्या शब्दापायी आपल्या इतिहासात एका राज्याभिषेकाची वाट अडली, तो शब्द आजींनी नाड्या बांधणाऱ्या पोरासाठी वापरला. आणि अगदी बरोबर वापरला. हे कसं झालं, ते आज पाहू.

आधी मराठीपुरतं बोलू. खट्याळ मुलांसाठी आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ नाही. खोडकर मूल खोड्या काढतं. अवखळ मुलाच्या अंगात जरा जास्तच वारं असतं, त्यात हेतू नसतो. आगाऊ मूल मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालतं. द्वाड मूल ऐकत नाही. चावट हा शब्द वय वाढलं की वेगळ्याच दिशेला जातो, तो राहू द्या. मग व्रात्य कोण? आमच्या मते व्रात्य मुलाला नियम ठाऊक असतो. तो मोडताना ते तुमच्याकडे बघत असतं, तुम्ही बघताय ना याची खात्री करून घेत असतं. अवखळ मुलाच्या हातून कप फुटतो. व्रात्य मूल कप टेबलाच्या कडेला आणून थांबतं. या शब्दात नियम आधी येतो आणि मूल मागून. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता मागे जाऊ, खूप मागे. सामवेदाचा एक ब्राह्मणग्रंथ आहे, तांड्य किंवा पंचविंश ब्राह्मण. पंचवीस अध्यायांचा म्हणून पंचविंश. त्याच्या सतराव्या अध्यायात ‘व्रात्यस्तोम’ नावाचे यज्ञ सांगितले आहेत आणि ते ज्यांनी करायचे त्या व्रात्यांचं वर्णन आहे. हे लोक ब्रह्मचर्य पाळत नाहीत. शेती करत नाहीत, व्यापारही करत नाहीत. सोप्या बोलण्याला अवघड म्हणतात. ज्याला मारू नये त्याला काठीनं मारत हिंडतात. दीक्षा घेतलेली नसताना दीक्षितांची भाषा बोलतात. बघा, मुख्याध्यापकांनी पालकांना पाठवलेल्या पत्रात जे असतं, जवळजवळ तेच आहे की नाही? अभ्यास नाही, काम नाही, उलट बोलणं, मारामारी, आणि वर मोठ्यांची नक्कल!

त्यांचा थाटही दिलेला आहे. त्यांच्या म्होरक्याला गृहपती म्हणत. डोक्याला पागोटं, हातात जनावर हाकायचा परोणा, एक बिनबाणाचं धनुष्य, आडवाटेनं जाणारा फळ्या घातलेला गाडा, काळ्या काठाचं वस्त्र, एक काळं आणि एक पांढरं कातडं, गळ्यात रुप्याचा दागिना. ही घर सोडून हिंडणारी टोळी आहे. आणि गंमत म्हणजे यज्ञ झाल्यावर हा सगळा सरंजाम टाकून द्यायचा नाही. जे अजून व्रात्यच राहिले आहेत त्यांना तो द्यायचा, नाहीतर मगध देशातल्या नावापुरत्या ब्राह्मणाला. म्हणजे एकानं व्रात्यपण सोडलं की त्याचा गणवेश पुढच्याच्या अंगावर!

हे यज्ञ चार प्रकारचे. एक सर्वच व्रात्यांसाठी, दुसरा विशेष निंदा झालेल्यांसाठी, तिसरा त्यांच्यातल्या सर्वांत लहानांसाठी, आणि चौथा ज्यांचं तारुण्य निवलं आहे अशा ज्येष्ठांसाठी. या चौथ्या गटाला मूळ संस्कृतात जो शब्द आहे तो इतका उघडा आहे, की सत्तरी ओलांडलेल्या माणसानं तो व्यासपीठावरून उच्चारू नये. यज्ञ झाला की हे लोक ‘व्यवहार्य’ होत, असं कात्यायनाचं श्रौतसूत्र सांगतं. व्यवहार्य म्हणजे त्यांच्याशी देवघेव, खाणंपिणं, संबंध ठेवायला हरकत नाही. आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा या एका शब्दात आहे. प्रश्न पापाचा नव्हता, आपल्यात घ्यायचं की नाही हा होता.

मग हे लोक होते तरी कोण? शब्दाची फोड दोन प्रकारे करतात. एक ‘व्रत’ या शब्दावरून, दुसरी ‘व्रात’ म्हणजे टोळी, जथा यावरून. व्रात हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण तसा तो नाही. गणेशोत्सवात घरोघरी अथर्वशीर्ष म्हणतात, त्यात गणपतीला व्रातपती म्हटलेलं आहे. व्रातांचा पती, टोळ्यांचा म्होरक्या. यजुर्वेदातल्या रुद्राध्यायात रुद्रालाही तसंच संबोधलं आहे. (आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांना आम्ही हा अर्थ एकदा सांगितला. ते फार खूश झाले. वर्गणी मात्र कमी केली नाही.) पाणिनीनं व्रातावर जगणाऱ्यासाठी ‘व्रातीन’ असा शब्द सिद्ध केला आहे, आणि त्या सूत्रावर पतंजलीनं महाभाष्यात खुलासा केला आहे: नाना जातींचे, ठरलेला उद्योग नसलेले, अंगमेहनतीवर किंवा अंगबळावर जगणारे लोकांचे संघ म्हणजे व्रात.

ठरलेला उद्योग नसलेले! इथे आम्हाला दुसराच एक शब्द आठवतो, बदमाश. ‘बद’ फारसी आणि ‘मआश’ अरबी, म्हणजे उपजीविका. ज्याचं पोट भरण्याचं साधन वाईट, तो बदमाश. दोन अगदी वेगळ्या संस्कृतींना माणसाच्या वागण्याआधी त्याच्या पोटापाण्याचा संशय आला. आजही पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न “काय करतोस?” असाच असतो.

या व्रात्यांवर पाश्चात्त्य पंडितांनी बरंच लिहिलं. याकोब हाउअर या जर्मन अभ्यासकाचा ‘देर व्रात्य’ हा ग्रंथ १९२७ चा. त्याला त्यांच्यात अब्राह्मणी धर्माचे पंथ दिसले. पुढे १९८६ मध्ये हॅरी फाल्क यांनी त्यांचा संबंध द्यूत खेळणाऱ्या, घराबाहेर पडलेल्या तरुणांच्या बंधुमंडळांशी जोडला. आम्हाला हे दुसरं मत अधिक पटतं, कारण व्रात्यस्तोमात वयाचा हिशेब आहे: सर्वांत लहान वेगळे, निवलेले वेगळे. परक्या वंशाचे किंवा परक्या धर्माचे लोक असते तर त्यांची वयानुसार विभागणी कशाला केली असती? शेत नाही, दुकान नाही, अजून स्वतःचं घर नाही अशी ही पोरं. प्रत्येक समाजात ती असतात, आणि प्रत्येक समाज त्यांना भितो.

पण भितो म्हणतोय तोवर अथर्ववेद उघडावा. वीस कांडांतलं पंधरावं कांड सबंध व्रात्याचं आहे, गद्यात, अठरा भागांचं. आणि इथला व्रात्य म्हणजे साक्षात विश्वाचं तत्त्व! तो फिरत होता, त्यानं प्रजापतीला हलवलं, आणि त्यातून तो महादेव झाला, एकव्रात्य झाला. तो वर्षभर नुसता उभा राहिला. देवांनी विचारलं, का उभा आहेस? तो म्हणाला, बसायला आणा. त्यांनी आसन आणलं, त्याचे चार पाय म्हणजे चार ऋतू. मघाचं ते पागोटं आठवतं का? इथे ते पागोटं म्हणजे दिवस आहे आणि केस म्हणजे रात्र. वस्त्र म्हणजे विज्ञान. सामान सगळं टोळीचंच आहे, फक्त आता ते विश्वाएवढं झालं आहे.

असा व्रात्य राजाच्या घरी पाहुणा आला तर राजानं त्याला स्वतःहून श्रेष्ठ मानावं, असं तिथे सांगितलं आहे. यजमान अग्निहोत्र करत असेल तर त्यानं व्रात्याची परवानगी घेऊन पुढचं करावं. आणि सगळ्यांत मौजेचा भाग असा, की जो व्रात्य नाही पण स्वतःला व्रात्य म्हणवतो असा कुणी आला तर काय करावं, याचाही विचार केला आहे! उत्तर असं की त्यालाही हुसकावू नये, पाणी द्यावं. म्हणजे एक काळ असा होता, की लोक व्रात्य असल्याचं सोंग घेऊन दारी येत.

पाहुणा व्रात्य आला की उठून त्याला विचारायचा पहिला प्रश्न काय? व्रात्या, कुठे राहिला होतास? संध्याकाळी चिखलानं माखून घरी आलेल्या पोराला आई दारातच विचारते, “कुठं होतास रे व्रात्या?” दोन्हींचा काही संबंध आहे असं आम्ही म्हणत नाही. पण ऐकून अंगावर काटा येतो, एवढं खरं.

अथर्ववेदाचंच प्रश्नोपनिषद प्राणाला व्रात्य म्हणतं. शंकराचार्यांना ते सोडवावं लागलं, कारण त्यांच्या काळापर्यंत हा शब्द निंदेचा झाला होता. त्यांनी काय केलं? ते म्हणाले, प्राण पहिला जन्मलेला, त्याच्यावर संस्कार करायला त्याच्याआधी होतं कोण? म्हणून तो असंस्कृत. म्हणजेच स्वभावतः शुद्ध. फार देखणा युक्तिवाद आहे. जो पहिला असतो त्याची मुंज कोण लावणार?

मुंज! इथून गोष्ट आपल्या घरात येते. स्मृतिकारांनी टोळी विसरून शब्दाला नेमका कायदेशीर अर्थ दिला. मनुस्मृतीनं मुदती घातल्या: ब्राह्मणाला सोळा वर्षं, क्षत्रियाला बावीस, वैश्याला चोवीस. तोवर उपनयन झालं नाही तर तो सावित्रीपतित, व्रात्य. मग मनूनं व्रात्य क्षत्रियांपासून झालेल्यांची यादीच दिली आहे. तीत मल्ल आहेत, लिच्छवी आहेत, द्रविडही आहेत. वैशालीचे लिच्छवी, बुद्ध-महावीरांच्या काळातलं ते गणराज्य, एका शब्दात व्यवस्थेबाहेर गेलं. हिंडणाऱ्या पोरांचा शब्द आता सबंध लोकसमूहांच्या कपाळी लागला.

महाराष्ट्राला याची झळ लागली ती १६७४ साली. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ठरला आणि आक्षेप आला, की मुंज झालेली नाही. बावीस वर्षांची मुदत. महाराज होते चव्वेचाळीस वर्षांचे, बरोबर दुप्पट. काशीचे गागाभट्ट आले, प्रायश्चित्त झालं, आणि २९ मे रोजी रायगडावर महाराजांची मुंज लागली. त्यानंतर आठवड्याभरानं, ६ जूनला, राज्याभिषेक. ज्याच्या तलवारीपुढे विजापूर आणि दिल्ली थबकली, त्याला एका शब्दापुढे थांबून शुद्ध व्हावं लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापुरात शाहू महाराजांच्या वेदोक्त प्रकरणात हाच वाद पुन्हा उभा राहिला. आम्ही हे सांगतो ते अशासाठी, की ‘फार व्रात्य आहे हो’ म्हणताना आपण जो शब्द उचलतो त्याची धार कोणे एके काळी कुठे कुठे लागली आहे, ते माहीत असावं.

मग तो पोरांना कसा चिकटला? आमचा तर्क असा. गौतमधर्मसूत्रात सांगितलं आहे, की मुंजीआधी मुलानं हवं तसं वागावं, हवं ते बोलावं, हवं ते खावं. त्याला दोष नाही. किती मोकळं बालपण! मग मुंज झाली की कडीकुलूप. म्हणजे स्वैर वागणं आणि मुंज नसणं ही जोडी लोकांच्या डोक्यात शतकानुशतकं एकत्र राहिली. मुंज होऊनही जो पोरगा मुंजीआधीच्यासारखाच वागतो, त्याला काय म्हणणार? अरे, मुंज झाली की नाही तुझी? हा तर व्रात्यच राहिला! घरातल्या मोठ्यांच्या या टोमण्यातून शास्त्रातला शब्द माजघरात आला, आणि तिथे आयाआज्यांनी तो पाट्यावर वाटून मऊ केला. आजी नातवाला सावित्रीपतित म्हणत नव्हत्या.

असा मऊपणा इतर शब्दांतही आला आहे. अरबीत ‘शर्’ म्हणजे दुष्टपणा, वाईट. त्याच्यापासूनची ‘शरारत’ हिंदीत येऊन लहान मुलांचा खेळ झाली. फारसी ‘मस्त’ म्हणजे झिंगलेला. आपली पोरं दुपारभर मस्ती करतात. उलटंही होतं, बरं का. लुंचित, म्हणजे केस उपटलेला साधू, त्याचा ‘लुच्चा’ झाला. पाषंड हा शब्द अशोकाच्या शिलालेखांत नुसता ‘पंथ’ या अर्थी आहे. आपण पाखंडाचं काय केलं ते सांगायला नको. शब्दाची अब्रू तो कुणाच्या तोंडी पडतो त्यावर ठरते.

आणि ज्याच्यावरून खोडकर मुलाची कल्पनाच आपल्याकडे उभी राहिली, त्या कृष्णाचं काय? महाभारताच्या द्रोणपर्वात सात्यकीला मारायला निघालेल्या भूरिश्रव्याचा हात अर्जुनानं आडून बाण मारून तोडला. तेव्हा तो चिडून अर्जुनाला म्हणतो, की हे तुझं नव्हे, ही कृष्णाची संगत. हे वृष्णी आणि अंधक व्रात्य आहेत, मुळातच निंद्य कर्मांचे. म्हणजे कृष्णाच्या अख्ख्या कुळाला भर रणांगणावर व्रात्य म्हटलं गेलं. भूरिश्रव्याची ती शिवी होती. भागवत वाचलं तर दिसतं, की कृष्ण अकरा वर्षं व्रजात होता आणि त्याची मुंज झाली ती कंसवधानंतर. क्षत्रियाच्या मुंजीचं वयही अकराच. म्हणजे लोणी चोरलं, मडकी फोडली, ते सगळं मुंजीआधी, गौतमाच्या सवलतीत! यशोदेला गौतमधर्मसूत्र माहीत असतं तर उखळाला बांधायची वेळ आली नसती.

आता एक आमची गोष्ट सांगतो, आणि ती सांगायला फारसं बरं वाटत नाही. नोकरीची पहिली वर्षं होती. आमच्या महाविद्यालयात दोन मुलांनी मिळून एका अध्यापकाच्या स्कूटरची हवा सोडली आणि फळ्यावर त्याचं चित्र काढलं. चित्र, खरं सांगायचं तर, हुबेहूब होतं. एक मुलगा आमच्याच एका सहकाऱ्याचा, दुसरा वस्तीत राहणारा, वडील गवंडीकाम करणारे. शिस्तपालन समितीत पहिल्याबद्दल कुणीतरी म्हणालं, “तसा हुशार आहे, जरा व्रात्य आहे इतकंच.” दुसऱ्याबद्दल त्याच तोंडानं, “गुंड प्रवृत्ती आहे, आत्ताच छाटलेली बरी.” पहिल्याला समज दिली. दुसऱ्याचं नाव काढलं. आम्ही त्या समितीत सर्वांत कनिष्ठ होतो. नीतिशास्त्रावर प्रबंध चालू होता. इतिवृत्तावर सही केली.

हवा दोघांनी सोडली होती. शब्द दोन निघाले. सुरुवातीला आम्ही म्हटलं, की व्रात्य मुलाला नियम ठाऊक असतो. समितीनं तेच धरलं: हा नियमांच्या घरातला आहे, आज ना उद्या आत येईल. ‘व्यवहार्य’ आहे. दुसऱ्याला व्रात्य म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. जो शब्द हजारो वर्षं बाहेरच्यांसाठी होता, तो आता आतल्यांसाठी राखून ठेवला गेला होता, आणि बाहेरच्यांसाठी गुंड, मवाली, टारगट हे नवे शब्द तयार होते. तो मुलगा पुढे काय करतो, कुठे असतो, आम्ही कधी विचारलं नाही. त्याचं ते चित्र मात्र आजही डोळ्यांसमोर येतं.

व्याख्यान इथेच संपवणार होतो, पण तिकडे एक हात वर आलेला दिसतोय. बोला, बाई.

(श्रोत्यांतल्या एका बाईंनी विचारलं, की हे सगळं मुंजीभोवती फिरतं, मग मुलींना व्रात्य कसं म्हणतात?)

चांगला प्रश्न आहे. शास्त्र धरून बसलं तर म्हणताच येणार नाही. मनूच्या मते स्त्रीला विवाह हेच उपनयन. म्हणजे मुदत चुकून व्रात्य होण्याची सोयच नाही. पण ‘व्रात्य कार्टी’ हे आपण सर्रास ऐकतो. पंडितांनी जे दिलं नाही ते बोलीनं परस्पर देऊन टाकलं, असं आम्ही म्हणू.

(त्या बाई म्हणाल्या, की लहानपणी त्यांना आणि त्यांच्या भावाला, दोघांनाही घरात व्रात्य म्हणत. भावाला पाहुण्यांसमोर म्हणत, त्यांना पाहुणे गेल्यावर.)

थांबा, थांबा. हे आमच्या टिपणात नाही. जरा परत सांगा, लिहून घेतो.